बिल्ल्याचं काज

रीळमावशीला दार उघडायच्या आधीच कळायचं, आत कोण आहे ते. चपला फरफटत येणारं माणूस असेल तर इलॅस्टिक खपणार. धावत येणारं असेल तर दारातूनच "आई घरात नाही" ऐकायला मिळणार. आणि बेल वाजताक्षणी आतला टीव्ही गप्प झाला, तर समजायचं की घरात माणसं आहेत, पण आपल्यासाठी नाहीत. अशा दारावर ती दुसऱ्यांदा बोट ठेवत नसे. "नको म्हणणाऱ्याशी कधी भांडू नये," ती म्हणायची. "त्याची बटणं आज ना उद्या तुटणारच आहेत."

सुया, रिळं, बटणं, हूक, चेन, इलॅस्टिक, एवढा सगळा संसार खांद्यावरच्या पिशवीत घेऊन ती दारोदार हिंडायची. सगळे तिला रीळमावशी म्हणायचे. खरं नाव नवऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि नवराही ते फक्त भांडताना वापरायचा. पूर्वी दोघं मिळून फिरायचे. तो पिशवी वाहायचा, ती बोलायची. दोघांत जास्त ओझं कुणावर होतं ते विचारू नका, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मग एकदा कुठल्याशा जिन्यात त्याचा पाय घसरला, गुडघा कायमचा गेला, आणि तेव्हापासून तो घरी खिडकीशी बसून पुठ्ठ्यांवर इलॅस्टिक गुंडाळायचा, बटणं रंगवार लावायचा आणि संध्याकाळी तिच्या तोंडून साऱ्या दारांच्या बातम्या ऐकायचा. मूलबाळ नव्हतं. दोघांचं पोट त्या एका पिशवीवर होतं, आणि या वयात तिला दुसरं काम कोण देणार होतं?

एक आड एक मंगळवारी ती नदीकडच्या जुन्या इमारतीत जायची. तिथं लिफ्ट होती, पण लिफ्टचा आणि मावशीचा छत्तीसचा आकडा. ती जिन्यानं चढायची, प्रत्येक मजल्यावर बेल वाजवायची आणि चौथ्या मजल्यावरचं डावीकडचं दार मुद्दाम शेवटी ठेवायची. कारण त्या दारातून ती लवकर बाहेर पडत नसे. तिथं काजबाई राहायच्या.

काजबाईंनी उभा जन्म एका शिंप्याच्या दुकानात काजं करण्यात घालवला होता. कोट कुणी बेतो, कुणी शिवो, बटणासाठी भोक पाडून त्याच्या कडेनं दाट टाक्यांची वेल बसवायची ती बाईंनीच. "माझ्या काजातून बटण निसटलंय असा एक माणूस आणून दाखव," असं त्या म्हणायच्या, आणि मावशीनं अजून तरी तसा माणूस पाहिला नव्हता. नवरा केव्हाच गेला होता, लेक लग्न होऊन लांबच्या गावी होती, आणि बाई एकट्या, आपल्या शिवणयंत्राशेजारी, मजेत होत्या.

फक्त डोळे साथ सोडत चालले होते. डोळ्यांच्या मागचा पडदा विरत आलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाईंना माणसाचा आकार दिसे, चेहरा दिसत नसे. रंग सगळे धुवट, मातकट. ही गोष्ट त्यांनी एकट्या रीळमावशीला सांगितली होती. लेकीला नाही. लेकीला कळलं असतं तर तिनं त्याच आठवड्यात घर बंद करून आईला आपल्याकडं नेलं असतं. लेक वाईट नव्हती, तेच तर अवघड होतं. वाईट असती तर तिच्याशी भांडता आलं असतं.

बाईंची बोटं मात्र अजून शाबूत होती. कापड हाताला लागलं की टाका आपोआप पडायचा. घोडं अडायचं ते सुईत दोरा ओवताना. त्यावर मावशीनं तोड काढली होती. ती रिळाचं टोक घेऊन त्यात एकामागून एक सुया ओवायची, चांगल्या वीसेक, आणि माळेसारख्या त्या रिळावरच राहू द्यायची. बाईंनी पहिली सुई धरायची, बाकीच्या मागं सारायच्या, हवा तेवढा दोरा ओढून कापायचा. सुई ओवलेलीच हातात. बाकीच्या आपल्या रिळावर वाट बघत बसलेल्या. तेवढ्या सुया दोन आठवडे पुरायच्या. मावशी रिळाचे पैसे घ्यायची, ओवण्याचे नाही. "ओवण्याचे पैसे घ्यायला मी काय डॉक्टर आहे?" म्हणायची. मग चहा व्हायचा, आणि बाई तिला दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायच्या. कोण पोट आत ओढून माप द्यायचा आणि मग कोट घट्ट झाला म्हणून भांडायला यायचा, असल्या.

सगळं सुरळीत चाललं होतं. त्यात ते दोन सद्गृहस्थ आले.

चांगले इस्त्रीचे कपडे, हातात कुलपाची पेटी, पेटीवर अनाथ मुलांचे फोटो. आसपासच्या साऱ्या इमारतींतून त्यांनी देणग्या गोळा केल्या. काजबाईंकडं रोकड फारशी नव्हती, म्हणून त्यांनी उरल्यासुरल्या कापडातून हातानं शिवलेले चार छोटे फ्रॉक दिले. पुढं ते फ्रॉक रीळमावशीला बाजारात एका हातगाडीवर टांगलेले दिसले. काजांवरून तिनं ते लगेच ओळखले. अनाथाश्रम कुठंच नव्हता. तिनं चरफडत येऊन बाईंना सांगितलं, तर बाईंनी क्षणभर विचार करून विचारलं, "किंमत तरी बरी लावली होती का गं?"

बाई हसल्या, पण गाव हसलं नाही. पालिकेकडं तक्रारींचा पाऊस पडला आणि पालिकेला खडबडून जाग आली. पालिकेची झोप उशिरा मोडते, पण मोडली की ती सगळ्यांची झोप मोडते. नवे नियम आले. दारोदार विकणाऱ्यानं पिवळा बिल्ला लावायचा, देणगी मागणाऱ्यानं निळा. दोन्ही एका छातीवर चालणार नाहीत. सूर्य मावळला की बेलला हात लावायचा नाही. दार उघडल्यावर आधी बिल्ला दाखवायचा, मग बोलायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक घराला एका पाकिटातून दोन गोल स्टिकर मिळणार होते, एक हिरवा, एक लाल. त्यातला हवा तो दारावर लावायचा. हिरवा असेल तर खुशाल बेल वाजवा. लाल असेल तर बेल नाही, टकटक नाही, जिन्यातून हाकसुद्धा नाही. स्टिकरला विक्रेत्यानं हात लावणं हाही गुन्हाच. मोडला नियम की कचेरीत बोलावून बिल्ल्याच्या कार्डाला एक भोक पाडणार. तीन भोकं पडली की बिल्ला जप्त.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मावशीचा नवरा म्हणाला. "ते दोघं काय निळा बिल्ला मागायला रांगेत उभे राहणारेत?"

तरी मावशी रांगेत उभी राहिली आणि बिल्ला घेऊन आली. पिवळं जाड कार्ड, त्यावर फोटो, फोटोत तिचे डोळे मिटलेले. संध्याकाळी दोघांनी तालीम केली. ती खोलीबाहेर गेली, नवऱ्यानं आतून "कोण आहे?" म्हणून विचारलं, तिनं हात लांब करून बिल्ला त्याच्या नाकासमोर धरला आणि पाठ केलेलं म्हणाली, "मी परवानाधारक फिरती विक्रेती. माझ्याकडं शिवणाचं सामान आहे. आपणास हवं असल्यास दाखवते."

"नको. आमच्या घरात सुयांचा ढीग आहे," नवरा म्हणाला. "आणि फोटोतली बाई झोपलीये. तिला आधी उठवा."

पहिल्या आठवड्यात निम्मी दारं लाल झाली. मावशीनं ते मनाला लावून घेतलं नाही. लोक भ्यालेत, भीती ओसरली की बटणं तुटतीलच. पण मंगळवारी ती नदीकडच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पोचली, डावीकडं वळली आणि थबकली.

काजबाईंच्या दारावर लाल स्टिकर होता. अगदी मधोमध.

ती बराच वेळ तिथं उभी राहिली. आतून यंत्राचा आवाज येत नव्हता. कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. म्हणजे बाई घरात होत्या, चहा पीत होत्या, आणि ती इथं दोन हातांवर बाहेर उभी होती. आपलं काही चुकलं का, हे तिनं मनात उलटसुलट करून पाहिलं. फ्रॉकची गोष्ट सांगायला नको होती का? आपण सांगितली ती फार तावातावानं सांगितली का? का लेकीनं भरवलं असेल, फेरीवाले सगळे सारखेच म्हणून? ती जिना उतरून खाली आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"एखाद्या शेजाऱ्याबरोबर निरोप धाड की," नवरा म्हणाला.

"ज्या दाराला आपण नको, त्या दारावर निरोप कसला धाडायचा?"

"फोन कर."

"नंबर कुठाय? कधी लागलाच नाही. दार होतं ना."

पुढच्या खेपेलाही स्टिकर लालच. मावशी त्या मजल्यावर थांबलीसुद्धा नाही. म्हणजे थांबली, पण पिशवीचा बंद नीट करायला, असं तिनं स्वतःला बजावलं. रुसवा मोठा वाईट. रुसलेल्या माणसाला आपण रुसलोय हे दुसऱ्याला कळावं असं फार वाटत असतं, आणि इथं तर बेलही वाजवायची सोय नव्हती.

ती तिसऱ्यांदा आली तेव्हा जिना चढण्याआधी तिनं सवयीनं वर पाहिलं. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत बाईंचे कपडे वाळत होते. तिथं एक झगा होता, त्याचं अख्खं पुढलं अंग सेफ्टी पिनांनी धरलेलं. शेजारी उशीचा अभ्रा, त्यालाही पिना. एका ब्लाउजची बाही उसवून लोंबत होती. जिनं जन्मभर काजं केली, तिच्या अंगावरच्या कपड्यांना पिना!

मावशीचा रुसवा तिथंच, रस्त्यात, गळून पडला. बाई मुद्दाम दार बंद करून बसल्या असत्या, तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तरी सुया ओवून घेतल्या असत्या. घेतल्या नव्हत्या, कारण डोळ्यांचं गुपित दुसऱ्या कुणाला सांगितलंच नव्हतं. मग हे दार लाल कसं? ते बेल वाजवल्याशिवाय कळणार नव्हतं. ती चढली. तिनं एकदा समोरच्या दाराकडं पाहिलं. तिथं एक निवृत्त गृहस्थ राहायचे, ज्यांना सारी इमारत दुर्बीणकाका म्हणायची, कारण त्यांचा एक डोळा कायम दाराच्या भिंगाला चिकटलेला असे. त्या सद्गृहस्थांच्या प्रकरणानंतर तर इमारतीची राखण त्यांनी स्वतःहूनच अंगावर घेतली होती. मावशीनं मनात म्हटलं, व्हायचं ते होऊ दे, आणि बेल दाबली.

दार उघडलं. बाईंनी मान वाकडी करून तिचा आकार न्याहाळला. मग त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

"आलीस होय? कुठं मेली होतीस इतके दिवस? मी इथं वाट बघून बघून थकले. आजारी होतीस का? का नवऱ्याचा गुडघा? का माझ्यावर रागावलीस?" त्यांनी तिचा हात धरला. "आणि वर पालिकेनं तो स्टिकर दिला, तर लेक फोनवर सांगते लाल लाव, लाल लाव. मी म्हटलं, छे! मी हिरवा लावला. मुद्दाम. तुझ्यासाठी. म्हटलं, तिला कळू दे, हे दार तिला उघडं आहे. तुला दिसला नाही?"

मावशी उघड्या दाराकडं बघत राहिली. लाल, गोल, मधोमध.

दोन स्टिकर. एकाच आकाराचे. मातकट आणि मातकट.

तिला सगळं लख्ख कळलं, आणि त्याच क्षणी प्रश्नही पडला, की हे सांगायचं कसं. 'बाई, हा लाल आहे' म्हणणं म्हणजे 'बाई, तुम्हांला आता लाल-हिरवंही कळत नाही' असं म्हणणं. तोंडावर. ज्या दारावर त्यांनी इतक्या प्रेमानं हात फिरवून तो चिकटवला होता, त्याच दारात उभं राहून. मावशीच्या जिभेवर ते शब्द आलेच नाहीत.

"दिसला की," ती म्हणाली. "हिरवागार. नवरा आजारी होता हो बाई. चला, रीळ आणा."

त्या दिवशी तिनं दोन रिळांवर सुया ओवल्या. बाई तोवर पिना काढून काढून डबीत टाकत होत्या आणि त्या डबीला शिव्या घालत होत्या.

दुर्बीणकाकांनी तक्रार केली. त्यांचंही चुकलं नव्हतं. लाल दाराची बेल वाजताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि एकट्या म्हातारीला जपायचं हा त्यांचा हेतू होता. मावशीला कचेरीत बोलावणं आलं. तिथला कारकून बिचारा सज्जन माणूस होता. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मावशी, लाल दार होतं?"

"होतं."

"बेल वाजवली?"

"वाजवली."

"अहो, का पण? त्या बाईंनी स्वतः बोलावलं असेल तर नियमात सूट आहे. घरधन्यानं बोलावलं तर लाल असला तरी चालतं. त्यांना फक्त इथं येऊन तसं सांगू दे, किंवा मी जातो विचारायला. जाऊ का?"

हा भला माणूस बाईंच्या दारात जाणार आणि विचारणार, तुम्ही लाल स्टिकर का लावलात? "नको, नको," ती घाईनं म्हणाली. "माझीच चूक. लक्ष नव्हतं."

कारकुनानं सुस्कारा टाकून कागदाला भोक पाडायचं यंत्र उचललं. कट्. फोटोतल्या झोपलेल्या बाईच्या डोक्यावर एक गोल भोक पडलं. "पुन्हा नको हं मावशी," तो म्हणाला. "मला हे आवडत नाही."

पुढच्या खेपेला ती गेली, तेव्हा बाईंनी रीळ देता देता हात पुढं केला आणि त्यांची बोटं तिच्या बिल्ल्याला लागली. ती बोटं लगेच थांबली. भोकाच्या कडेवरून फिरली.

"हे काय?"

"दोरी ओवायला आहे ते," मावशी म्हणाली.

"दोरी ओवायला मधेच?" बाई म्हणाल्या. "काय ही पालिका! भोक कुठं पाडावं तेही कळत नाही." आणि त्या दुसऱ्या गोष्टींवर बोलू लागल्या. मावशीला वाटलं, सुटले.

पण दुर्बीणकाका सुटी घेत नसत. दुसरी तक्रार गेली, दुसरं भोक पडलं. या वेळी कारकुनानं यंत्र उचललं तेव्हा त्याचं तोंडही उतरलं होतं. "आणखी एक झालं की माझ्या हातात काही नाही," तो म्हणाला.

घरी नवऱ्यानं बिल्ला उजेडात धरला आणि दोन भोकांतून तिच्याकडं पाहिलं. थट्टा करायला तोंड उघडलं, पण थट्टा आली नाही. त्यानं तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली.

"तिसरं भोक कार्डाला नाही, आपल्या पोटाला पडेल. माझा एकच पाय धड आहे. तुझा बिल्ला गेला तर आपण काय करायचं? त्या बाईंना सांग सरळ. मूग गिळून किती दिवस बसणार?"

"सांगितलं तर त्या पार खचतील. आणि लेक घेऊन जाईल त्यांना."

"मग लेक घेऊन जाईल. वाईट आहे का ती?"

"नाही ना," मावशी म्हणाली आणि रडायला लागली. नवरा लंगडत उठला, तिच्याजवळ बसला आणि इलॅस्टिक गुंडाळत राहिला. त्याला राग तिचा आलाच नव्हता, भीती वाटत होती. तिलाही वाटत होती.

मंगळवार उजाडला तेव्हा तिनं ठरवलं होतं की जायचं नाही. मग वाटलं, इमारतीत जाऊ, चौथ्या मजल्यावर नको. मग वाटलं, चौथ्या मजल्यावरच्या मधल्या नव्या बिऱ्हाडाला हिरवा आहे, तिथवर जाऊ. असं करत करत ती जिना चढली, आणि शेवटच्या वळणावर तिला उजेड दिसला. एरवी त्या मजल्यावर अंधार असायचा.

काजबाईंचं दार सताड उघडं होतं. दारात स्टूल टाकून बाई बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून, जिन्याकडं तोंड करून. पावलांवरून त्यांनी तिला ओळखलं.

"ये," त्या म्हणाल्या. "बेल वाजवायला नको. मीच बोलावतेय."

मावशीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"लेक येऊन गेली रविवारी," बाई सावकाश बोलल्या. "दारातच म्हणाली, 'आई, माझं ऐकलंस ते किती बरं केलंस! लाल लावलास.' मी म्हटलं, हो गं, लालच बरा. दुसरं काय म्हणणार होते? ती गेली आणि मग मी बसले विचार करत. लाल दार, आणि तू बेल वाजवत होतीस. आणि बिल्ल्याला मधेच भोक." त्यांनी हात पुढं केला. "दे इकडं."

मावशीनं बिल्ला काढून त्यांच्या हातात दिला. बाईंची बोटं एका भोकावरून गेली आणि शेजारच्या दुसऱ्या भोकाशी थांबली.

"दोन?" त्या म्हणाल्या. "अगं वेडे, माझ्यासाठी?"

"काही होत नाही हो बाई."

"गप्प बस. मला दिसत नाही, पण कळतं." बाईंचे डोळे वाहत होते, आणि ते डोळे त्यांनी पुसलेही नाहीत. "हिरवागार म्हणालीस तेव्हा. केवढी लबाड तू!"

इतक्यात समोरची कडी वाजली. दार चारच बोटं उघडलं आणि फटीतून दुर्बीणकाकांचं अर्धं तोंड दिसलं. "वहिनी," ते म्हणाले, "ही बाई पुन्हा... तुमच्या दारावर लाल आहे. मी कळवू का कचेरीत?"

मावशी एक पायरी मागं सरली. काजबाई मात्र स्टुलावरून उठल्या, चौकटीला धरून ताठ उभ्या राहिल्या.

"कळवा ना भाऊजी, जरूर कळवा. सांगा, लाल आहे, लालच राहील. लफंग्यांना लाल. हिला मी स्वतः बोलावलंय, दार माझ्या हातानं उघडलंय, बेलला कुणी शिवलेलं नाही. यापुढं दर खेपेला असंच बोलावणार आहे. तुम्हांला बटण लावून हवं असेल तर तुम्हीही या."

दुर्बीणकाकांनी खाली पाहिलं. त्यांच्या सदऱ्याचं मधलं बटण खरंच गेलेलं होतं. त्यांनी तिथं हात ठेवला आणि दार हळूच लावून घेतलं.

दोघी उंबऱ्याशीच बसल्या, एक आत, एक बाहेर. मावशीनं रिळावर सुया ओवल्या.

"लेकीला सांगायला हवं बाई," ती खालच्या आवाजात म्हणाली. "कधी ना कधी."

"सांगेन. माझ्या तोंडानं सांगेन, तिला दारावर वाचायला लागू नये." बाईंनी हात पुढं केला. "हिरवा दोरा आहे का? पक्का हिरवा. मला फसवू नकोस."

मावशीनं पिशवीत शोधून हिरवं रीळ काढलं, सुई ओवली आणि त्यांच्या बोटांत दिली. बाईंनी बिल्ला मांडीवर घेतला, पहिलं भोक बोटानं चाचपलं आणि त्याच्या कडेनं टाके घालायला सुरुवात केली. जाड कार्डातून सुई नीट जात नव्हती. त्या दात आवळून ती ढकलत होत्या, आणि एकेक टाका शेजारच्या टाक्याला खेटून, दाट, सारखा, बसत होता.

"अहो, पालिकेचा बिल्ला आहे तो," मावशी म्हणाली. "चालेल का असं?"

"बिल्ल्याला टाका घालू नये असा नियम आहे का?"

"तसा नाही ऐकला."

"मग झालं तर. भोक नुसतं ठेवलं की फाटत जातं. काज केलं की राहतं."

ऊन जिन्यावरून सरकलं. आत चहाचं भांडं उकळून उकळून आटलं, ते आठवून बाई हसल्या आणि मावशीनं जाऊन गॅस बंद केला. परत आली तोवर पहिलं काज पुरं झालं होतं, गोल, हिरवंगार. तिनं त्यावरून अंगठा फिरवला.

बाईंनी बिल्ला तिच्या छातीवर चाचपडत लावला आणि सुई रिळात खोचली.

"बोटं दमली आज," त्या म्हणाल्या. "दुसरं तू आलीस की करू."